भारंभार गूळ

"आधी काटा, मग सही," आई म्हणाली आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

ती स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती. मी प्रवासातून येऊन अजून पायसुद्धा धुतले नव्हते. उघडलेलं पेन माझ्या हातातच राहिलं.

"कसला काटा?"

"इसरलीस व्हय? मरगूबाईचा नवस. नऊ वर्सांची हुतीस तू."

विसरले नव्हते. नऊ वर्षांची असताना मला विषमज्वर झाला होता. दीड महिना अंथरुणात होते. तेव्हा आईने गावच्या मरगूबाईला बोलून ठेवलं होतं, की पोरीच्या भारंभार गूळ घालीन. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात मी आणि दुसऱ्यात माझ्या वजनाइतका गूळ. मी बरी झाले. त्या वर्षी नदीला पूर आला, पुढच्या वर्षी आबा, माझे वडील, गेले, मग गुऱ्हाळ दादाच्या अंगावर पडलं. नवस राहिला. मी पंधराची असताना आईने पुन्हा विषय काढला होता. मी कोल्हापूरच्या वसतिगृहातून सुट्टीला आले होते. म्हणाले होते, "मी विज्ञान शिकते, आई. मला काट्यावर बसवायचं नाही." त्यानंतर अठ्ठावीस वर्षं त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"आत्ता कुठे आठवला तुला तो?"

"मला रोजच आठवतोय," आई म्हणाली. मेथीची एक काडी तिने तीनदा मोडली. "तुला सांगत न्हाई एवढंच."

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्रेचाळीसची होते, पुण्यात एका औषध कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करत होते, एकटीच राहत होते. झोपेच्या तपासणीत कळलं होतं, की रात्री माझा श्वास तासाला चाळीसेक वेळा थांबतो. साखर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे. पोट लहान करण्याच्या ऑपरेशनचा निर्णय घ्यायला मला दोन वर्षं लागली होती आणि आता तारीख मिळाली होती, पुढचा मंगळवार. हॉस्पिटलचा एक कागद भरून शनिवारी दुपारपर्यंत द्यायचा होता. ऑपरेशननंतर जो माणूस सोबत राहणार, त्याची त्यावर सही हवी. समुपदेशक बाई त्याबाबत फार कडक होत्या. कागद आला नाही तर माझी तारीख दुसऱ्याला जाणार होती आणि पुढची थेट मार्चमध्ये. सोबत राहणारी म्हणजे आईच. वहिनी गुऱ्हाळाच्या हंगामात घर सोडू शकत नव्हती, आणि तिसरं कुणी मला नव्हतं.

त्या कागदावर मी सगळं भरलं होतं. वय, रक्तगट, औषधं, मात्रेसकट. वजनाचा रकाना तेवढा कोरा ठेवला होता. नर्स भरेल म्हणून.

"आई, हे बघ," मी तिच्यासमोर पाटावर बसले. "ऑपरेशन होऊ दे. वर्षाने मी बरीच कमी झालेली असेन. तेव्हा घालू की गूळ. देवी कुठे जाते?"

"आणि निम्म्या गुळात भागवायचं? देवीला ठकवायचं?"

"मग मी आत्ताचं वजन मोजून सांगते. तेवढा गूळ देऊन टाक. मी बसलंच पाहिजे असं कुठे आहे?"

"वजन सांगून चालत न्हाई. बसायला लागतंय. जिमिनीवरनं पाय सुटायला लागत्यात."

दादा तेवढ्यात मागच्या दाराने आला. सर्जेराव त्याचं नाव, पण त्याला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्याने आमचं शेवटचं वाक्य ऐकलं असावं.

"रत्ने, काय घाबरतीस? काटा काय चावतोय?" तो हात धूत म्हणाला. "आबांनी बैल तोलला हुता त्याच्यावर एकदा. मोडला न्हाई."

"दादा!" मी म्हणाले.

"तसं न्हवं गं," तो चपापला. "काटा मजबूत हाय, एवढंच म्हणायचं हुतं."

मी उठले आणि अंगणात गेले. अंगण ओलांडून फाटकापर्यंत, फाटकापासून परत. मला बसवत नव्हतं. पोटात सकाळपासून दोन ग्लास ताक आणि पावडर घातलेलं पाणी एवढंच होतं. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस घन काही खायचं नव्हतं, म्हणजे यकृत आकसतं आणि सर्जनला आत जागा मिळते. तो दहावा दिवस होता.

काट्याची भीती मला का वाटते हे दादाला सांगून उपयोग नव्हता. मी रोज सकाळी प्रयोगशाळेत तराजू तपासत असे. काचेच्या पेटीतला, मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. प्रमाण वजनं चिमट्याने उचलायची, हात लावायचा नाही, श्वास रोखून वाचन घ्यायचं. पण स्वतःच्या वजनाच्या वेळी मी यंत्रावर पाठमोरी उभी राहत असे. कंपनीच्या आरोग्य तपासणीत एकदा मशीनवरच्या पोऱ्याने माझा आकडा रांगेच्या शेवटी बसलेल्या लेखनिकाला ओरडून सांगितला होता. रांगेत माझा पूर्ण विभाग होता. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदम मोबाईल काढले होते.

आणि गुळाचं माप तर त्याहून सोपं. आमच्याकडे गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात. दादाच्या गुऱ्हाळात तो बरोबर दहा किलोचा निघायचा. चिंचेखाली मी फळीवर बसणार, समोरच्या फळीवर एकेक रवा चढणार, आणि सगळं गाव बघणार. दहाचा पाढा येत नाही असं आमच्या गावात कुणी नव्हतं.

संध्याकाळी मी ओसरीवर श्वासाचा व्यायाम करत होते. हॉस्पिटलने दिलेलं तीन खणांचं प्लास्टिकचं यंत्र, प्रत्येक खणात एक निळा गोळा. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, तिन्ही गोळे वर उचलून धरायचे. माझे दोन उठत. आई समोर येऊन बसली आणि टक लावून बघत राहिली.

"तिसरा का उठंना?"

"दम कमी पडतो."

"पोट कापल्यावर उठंल?"

"हळूहळू."

"आनि भूक?"

"भूक कमी होईल. पोटाचा जो भाग काढतात, तिथे भुकेचा निरोप देणारं रसायन जास्त तयार होतं. शिवाय जागाच थोडी राहते. चार घास खाल्ले की पोट पुरे म्हणतं."

"आता म्हणत न्हाई?"

हाच प्रश्न पुण्याच्या समुपदेशक बाईंनी विचारला होता. जेवताना पुरे कधी वाटतं? मी म्हणाले होते, ताट रिकामं झालं की. त्याच्या आधी? मी नुसती नकारार्थी मान हलवली होती. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं होतं.

"नाही म्हणत," मी आईला म्हणाले.

आई एकदम उठून आत गेली. आतून भांडी जोरात ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी आठपासून मागच्या पडवीत ठक्-ठक् सुरू झालं. मला वाटलं दादा लाकडं फोडतोय. जाऊन बघितलं तर आई. पुढ्यात पोतं अंथरलेलं, त्यावर गुळाचा रवा, हातात जुनी कुऱ्हाड. कुऱ्हाडीच्या तुंब्याने, मागच्या बोथट बाजूने, ती रव्यावर मारत होती. गुळाचे खडे पोत्यावर उडत होते, तिच्या केसांत, लुगड्यावर.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

"मी कुठं म्हनतीया तू हो म्हनलीस?" ठक्. "उद्या शुक्रवार हाय. देवीचा वार."

"आणि हे फोडतेस कशाला? अख्खे रवे ठेवले तर उचलायला तरी सोपे."

"परसाद वाटायचा न्हवं? अख्खा रवा कुणाच्या दाताखाली जानार?" ठक्.

बहात्तर वर्षांची बाई. मी कुऱ्हाड घ्यायला वाकले तर तिने हात मागे घेतला.

"तू नगं. तुझं काम येगळं हाय."

त्या आवाजाने मला घरात थांबवेना. मी पुस्तक घेतलं, ठेवलं. दोन वाजेपर्यंतच्या एसट्या आठवून पाहिल्या. सांगलीहून पुण्याची गाडी, तिथून रात्री घर. मार्चपर्यंत थांबता येईल का, याचा हिशोब करू लागले. तासाला चाळीस, आठ तास झोप, नव्वद दिवस. गुणाकार पुरा केला नाही. पडवीत वहिनी आईला सांगत होती, "शिंत्र्यांच्या घरनं दोन पाट्या आनल्या, आनि कुंभाराच्या सुनंनं परात दिली." आई म्हणाली, "अजून एक येगळं कायतरी बघ. सूप बघ." ठक्. ठक्. काय चाललंय ते मला समजत नव्हतं आणि विचारायचं नव्हतं.

दुपारी मी गुऱ्हाळाकडे चालत गेले. भट्टी थंड होती. गूळ शिजवणारा गुळव्या म्हादबा चिपाडांवर पालथा झोपला होता. शेडच्या आढ्याला तो काटा टांगलेला होता. लांब लोखंडी दांडी, मधे तिची तोल दाखवणारी जीभ, दोन्ही टोकांना साखळ्यांनी बांधलेल्या दोन फळ्या. दादा आता बाजाराचा माल इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलत असे. हा जुना फक्त नवसापुरता राहिला होता.

मी त्याच्याखाली उभी राहिले. बसायचं म्हणून नव्हे. समोर तराजू आहे आणि मी तो तपासलेला नाही, असं मला जमत नाही एवढंच.

जीभ मध्यावर नव्हती.

मी फळ्या हाताने थांबवल्या, पुन्हा सोडल्या. डावी फळी खाली गेली. कोपऱ्यात वीस-वीस किलोची लोखंडी मापं होती. दोन्हीकडे एकेक ठेवलं, डावी खाली. मापांची अदलाबदल केली; तरी डावीच. म्हणजे मापं बरोबर होती, दांडीही बरोबर होती. फळीच जड होती. मी तिच्यावरून बोट फिरवलं. काळी, चिकट. आबांच्या काळापासून गुळाचा पाक पिऊन पिऊन ती जड झाली होती.

उजव्या फळीवर मी छोटी मापं चढवली. एक किलो. मग अर्धा. दांडी सरळ झाली.

"काय करायलीस?" दादा दारात उभा होता.

"पासंग आहे. दीड किलोचा."

"असंल की. गूळ तोलायचा काटा हाय, सोनं न्हवं."

"गुळाच्या फळीला आहे. म्हणजे गूळ दीड किलो कमी लागणार."

"मग चांगलंच की! देवी काय मोजून बघती?"

शेडच्या मागे नदीतून आणलेल्या दगडांचा ढीग होता. त्यातले चार-पाच उचलून मी एकेक फळीवर ठेवून पाहिले. एक जवळजवळ बरोबर निघाला, थोडा कमी. त्याला एक गंजलेला नट जोडला, दोन्ही फडक्यात गुंडाळले आणि उजव्या फळीच्या खाली सुतळीने घट्ट बांधले. काटा सोडला. जीभ दोनदा हलली आणि मध्यावर येऊन थांबली.

दादा डोकं खाजवत बघत होता.

"रत्ने, म्हंजे तुझ्या बाजूला दगड बांधलास तू?"

"हो."

"आगं, लोकं पासंग काढत्यात तर स्वतःच्या फायद्याचा काढत्यात. तुझं मूळचं काय थोडं हाय, त्यात वर धोंडा?"

मला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. दादा पण हसला, आणि मग हसता हसता थांबून म्हणाला, "म्हंजे बसणार तू?"

"मी काटा नीट केलाय फक्त."

"बरं बरं," दादा म्हणाला. "म्हादबा, ऊठ. उद्या पहाटं काटा चिंचंला न्यायचा हाय."

शुक्रवारी सकाळी नऊला मी चिंचेखाली होते. मरगूबाईचं देऊळ म्हणजे आमच्या बांधावरची कमरेइतकी घुमटी. आत शेंदूर लावलेला तांदळा, मूर्तीऐवजी नुसता गोल दगड. शेजारच्या चिंचेच्या आडव्या फांदीत एक लोखंडी कडी आहे. ती कुणी ठोकली ते कुणाला आठवत नाही. साल तिच्या दोन्ही बाजूंनी वाढून आली आहे. मी फांदी पाहिली, कडी पाहिली, भाराचा दुप्पट हिशोब केला. काटा टिकला असता.

आई म्हणाली होती घरचीच माणसं असतील. तीस-पस्तीस बाया होत्या. शाळेतल्या माझ्या वर्गातली सुलाबाई होती. ती मला लहानपणी 'चिपाड' म्हणायची, कारण रस काढलेल्या उसासारखी मी होते.

"रत्नमाला, वळखलं का?" ती म्हणाली. "केवढी हुतीस गं तू! फुंकर मारली असती तर उडाली असतीस."

"आता मार फुंकर," मी म्हणाले. बाया हसल्या.

आई घुमटीसमोर उभी राहिली. नवस फेडताना तो मोठ्याने बोलून दाखवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. तिने पदर खांद्यावरून घेतला, हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"बाई, पोर आजारी हुती तवा मी आलते तुझ्याकडं. हिला बरी कर, असं मी म्हनलं न्हवतं. बरी डाक्टर करनारच हुता. पर नुसती हाडं ऱ्हायलीवती. आंघुळीला घेतली की माझ्या हाताला हाडं लागायची. मी म्हनलं, हिच्या अंगाला मांस लागू दे. हाडं झाकू दे. भारंभार गूळ घालीन." ती थांबली. "कुठवर, ते सांगायचं ऱ्हायलं. तू देत गेलीस. वाढनाऱ्याला आपन ताटावर हात आडवा धरतो, तसा मी धरलाच न्हाई. चूक माझी. पोरीची न्हाई."

चिंचेखालच्या बायांनी हात जोडले. सुलाबाईनेसुद्धा.

मला त्या क्षणी बरंच काही सांगता आलं असतं. अनुवंश, इन्सुलिन, माझ्यासारख्याच अंगाच्या आबांच्या आईचा फोटो. हे सगळं मी तिला नंतर सांगितलं, एकदा नाही, अनेकदा. तेव्हा मी फक्त चप्पल काढली आणि उजव्या फळीवर जाऊन बसले.

फळी जमिनीला टेकली होती. वहिनीने माझी ओढणी साखळीतून सोडवली. मी पाय दुमडले. गुडघ्यात कळ आली. समोरची रिकामी फळी माझ्या छातीच्या उंचीला, हवेत होती.

"आना," आई म्हणाली.

वहिनीने आधी एक घमेलं आणलं. फोडलेल्या गुळाने भरलेलं. दादाने ती वरची फळी हलू नये म्हणून धरली आणि घमेलं तिच्यावर अंथरलेल्या पोत्यात रिकामं केलं. मग कुंभाराच्या सुनेची परात. मग सूप. मग एक अॅल्युमिनियमचं पातेलं, काठोकाठ. मग शिंत्र्यांची पाटी, अर्धीच भरलेली. मग एक बादली. मग पुन्हा सूप, पण या वेळी नुसता तळ झाकेल एवढंच. एकाचं माप दुसऱ्याला नव्हतं. एक भरलेलं, एक पाऊण, एक ओंजळभर.

मी मोजू लागले होते. सवय आहे. चौथ्या भांड्यापाशी माझी बेरीज चुकली, सातव्यापाशी मी सोडून दिली. मग मान वर करून बायांकडे पाहिलं. त्यांचेही ओठ हलायचे थांबले होते. मोजताच येत नव्हतं.

तेव्हा मला गुरुवारची ती ठक्-ठक् समजली.

"किती झालं गं, इंदाबाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"मी न्हाई मोजलं," आई म्हणाली. "देवीला ठावं."

भांडी येत राहिली. काहीच होत नव्हतं. मग साखळी करकरली आणि माझ्याखालची जमीन एका बाजूने सुटली. मी दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. फळी हलली, थोडी फिरली, आणि मी वर गेले. फार नाही. वीतभर. पायांखालून एक मुंगी चालत गेली, ती मला वरून दिसली. इतक्या वर्षांत मला कुणी उचललं नव्हतं.

दांडी सरळ होत आली. जीभ मध्याच्या जवळ थरथरत होती. "जरा कमी आहे," मी म्हणाले. "अजून थोडा टाका."

"ऐका! हिलाच कमी पडायलंय!" सुलाबाई म्हणाली, आणि आता सगळ्या मोकळेपणाने हसल्या. मीही.

वहिनीने ओंजळभर टाकला. जीभ मध्यावर आली. दादाने पुढची पाटी उचलली होती. नवसाला वरती थोडं घालायची पद्धत आहे. आई पुढे झाली. तिने गुळाच्या ढिगावर, वीतभर उंचीवर, हात आडवा धरला. पंगतीत ताटावर धरतात तसा, तळवा खाली, बोटं जुळवून.

"पुरे," ती म्हणाली. दादाला नव्हे. घुमटीकडे बघत. "पुरे, बाई."

दादाने पाटी खाली ठेवली.

मी उतरल्यावर गूळ वाटणं सुरू झालं. सगळ्यांना मिळाला. मी हात पुढे केला तर आईने माझ्या तळव्यावर टिचकीने मारलं.

"तुला न्हाई. तुझं ते यकृत आकसायचं हाय न्हवं?"

"प्रसाद आहे."

"देवीला मी सांगितलंय. तिला चालतंय."

मग तिने ब्लाउजमधून चष्मा काढला आणि म्हणाली, "आन तो कागद."

ती घुमटीच्या ओट्यावर बसली. कागद तिने तेव्हाच पहिल्यांदा वाचला, बोट ठेवून, ओळीओळीने. वजनाच्या कोऱ्या रकान्यापाशी बोट थांबलं आणि पुढे सरकलं. सही करायला तिला बराच वेळ लागला. इंदुमती हे नाव तिने पूर्ण लिहिलं, वेलांटीसकट. हात चिकट होते; कागद दोनदा तिच्या तळव्याला चिकटून वर आला.

"गूळ मुद्दाम फोडलास ना?" मी विचारलं.

"परसादाला."

"आई."

तिने पेनाचं टोपण लावलं. "दिवाळीत मला जयसिंगपूरला डाक्टरकडं न्हेलं हुतंस. ती पोरगी म्हनली, ताई तुमीबी उभ्या ऱ्हावा काट्यावर. तू पाठमोरी उभी ऱ्हायलीस." तिने कागद माझ्या हातात दिला. "मला दिसत न्हाई व्हय?"

शनिवारी दुपारी बाराच्या आत मी तो कागद हॉस्पिटलमध्ये दिला. सोमवारी दाखल झाले. आई सोबत होती, तिची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलेली. दाखल करून घेणारी नर्स तरुण होती, केरळची असावी, मराठी जपून बोलत होती. तिने माझी फाइल उघडली आणि एकदम हात झटकला.

"मुंगी!" मग दुसरी. सहीच्या ओळीवर तीन-चार जमल्या होत्या. "हे काय आहे?"

"गूळ," आई बाकावरून म्हणाली.

नर्सने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, फुंकर मारून मुंग्या उडवल्या आणि वजनाच्या रकान्यावर पेन टेकवलं. "हे भरलं नाही तुम्ही. या, मशीनवर."

मी चप्पल काढली. यंत्रावर चढताना नेहमीसारखी वळायला निघाले होते; एक पाय वळलाही होता. तो मी परत फिरवला आणि तोंड यंत्राकडे करून उभी राहिले. आकडे लाल होते. खाली-वर झाले, थरथरले, थांबले.

नर्सला तिच्या जागेवरून ते दिसत नव्हते. ती उठू लागली.

"बसा," मी म्हणाले. "मी सांगते." पलीकडे रांगेत सात-आठ माणसं होती. मी आवाज खाली केला नाही.

"एकशे सतरा पूर्णांक सहा."